गाडीखाली कोण वाकणार?

पुढच्या चाकांच्या ओढीवर चालणारी गाडी स्टिअरिंग पूर्ण वळवून फिरवताना कट-कट-कट वाजू लागली, की धाराशिव जिल्ह्यातल्या येरमाळ्याच्या चौकातल्या गॅरेजपासून सोलापूरच्या शोरूमपर्यंत निदान एकच मिळतं : एक्सल गेला. निदान चुकीचं नसतं, उशिराचं असतं. त्या आवाजाच्या कितीतरी आधी एक्सलच्या टोकाच्या सांध्यावरचा रबरी बूट चिरलेला असतो. चिरेतून ग्रीस बाहेर फेकलं जातं, रिमच्या आतल्या अंगाला काळे फरांटे उमटतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत धूळ शिरते. बालाघाटाच्या या पट्ट्यात उन्हाळ्यात फुफाटा आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल, दोन्हींची ददात नाही. ग्रीसमध्ये मुरमाची कच मिसळली की ते वंगण राहत नाही, आतल्या पोलादी गोट्या घासणारा पॉलिश पेपर होतं. थोडक्या रुपयांच्या रबरापायी काही हजारांचा भाग भंगारात जातो.

हे फरांटे ओळखायला इंजिनिअर असावं लागत नाही. चाक एका बाजूला पूर्ण वळवायचं, उकिडवं बसायचं आणि आत डोकावायचं. तरी बहुतेक मालकांना ते दिसत नाहीत, कारण मालक उकिडवा बसत नाही. तो गाडी धुऊन घेतो, सीटकव्हर बदलतो, दसऱ्याला बॉनेटवर झेंडूची माळ घालतो. गाडीची खालची बाजू मात्र त्याच्या लेखी दुसऱ्या कोणाची तरी असते. म्हणून माझा आग्रह असा, की ज्याला चार पाने धरता येतात त्या मालकाने आयुष्यात एकदा तरी आपल्या गाडीचा पुढचा एक्सल घरच्या अंगणात स्वतः बदलावा. पैसे वाचावेत म्हणून नव्हे. आपल्याकडे मजुरी इतकी कमी आहे की वाचणाऱ्या पैशात अवजारांचा खर्चही निघणार नाही. स्वावलंबनाचा झेंडा मिरवायचा म्हणूनही नव्हे. गाडीखाली बघणं हे आपलं काम आहे, ही गोष्ट अंगवळणी पडावी एवढ्यासाठी.

आधी या भागाचं कौतुक थोडं केलं पाहिजे, कारण ते कोणी करत नाही. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत इंजिनाचा जोर लांब शाफ्टने मागे जातो, आणि मागची चाकं फक्त फिरतात, वळत नाहीत. पुढच्या चाकांना मात्र दोन्ही करायचं असतं. जोर घेऊन फिरायचं, त्याच वेळी डावीउजवीकडे वळायचं, आणि खड्ड्यात वरखालीही व्हायचं. रॉबर्ट हुक यांच्या नावाने ओळखला जाणारा जुना फुलीसारखा सांधा इथे तोकडा पडतो. तो कोनात वाकवला की एकसारखा फिरत नाही. एका फेऱ्यात दोनदा पुढे पळतो, दोनदा मागे रेंगाळतो. ३० अंशांच्या कोनात ही गती ०.८७ पासून १.१५ पटीपर्यंत हेलकावे खाते. असा सांधा चाकाला जोडला तर वळणावर स्टिअरिंग हातात थरथरेल. फोर्ड कंपनीतल्या आल्फ्रेड झेपा यांनी १९२०च्या दशकात यावर तोड काढली : सहा पोलादी गोट्या, त्यांना धरणारा पिंजरा आणि आतबाहेर कोरलेल्या खाचा. सांधा कितीही वाकला तरी गोट्या दोन्ही शाफ्टांच्या कोनाच्या नेमक्या मध्यावर राहतात आणि गती एकसारखी जाते. १९५९ साली अॅलेक इसिगोनिस यांच्या छोट्या मिनी गाडीत हा सांधा बसला आणि पुढच्या चाकांची गाडी खऱ्या अर्थाने सर्वसामान्यांची झाली. गिअरबॉक्सकडच्या टोकाला बहुतेक गाड्यांत वेगळा सांधा असतो, तीन रोलरांचा. तो वाकतोही आणि आतबाहेर सरकतोही, कारण चाक खड्ड्यात गेलं की एक्सलची लांबी थोडी कमीजास्त व्हावी लागते. बाहेरचा सांधा गेला तर वळणावर वाजतो, आतला गेला तर जोर देताना गाडी थरथरते. एवढा फरक माहीत असला तरी गॅरेजात निम्मं संभाषण नीट होतं.

हे सगळं आपल्या रस्त्यांवर आलं ते डिसेंबर १९८३ मध्ये, मारुती ८०० बरोबर. त्याआधी अॅम्बेसेडर काय, कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी काय, सगळ्या मागच्या चाकांच्या. मराठवाड्यात तर त्यानंतरही कितीतरी वर्षं प्रवासी वाहतूक ट्रॅक्स, कमांडर आणि मॅक्सवर चालली. काळ्या-पिवळ्या, टपापर्यंत माणसं भरलेल्या. त्या गाड्यांच्या मागच्या एक्सलवर इथल्या मिस्त्रींचे हात बसले होते. पुढच्या चाकांची मारुती खेड्यात आली ती बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या हाताने, पुण्या-मुंबईत दहा वर्षं फिरून, आधीच बूट कडक झालेली. तिच्या पोटात हे नाजूक सांधे आहेत आणि त्यांचं आयुष्य एका रबरी टोपीवर टांगलेलं आहे, हे विकणाऱ्याने सांगितलं नाही आणि घेणाऱ्याने विचारलं नाही.

याच घेणाऱ्याचा आजा असा नव्हता. बैलगाडीच्या खाली वंगणाचं नळकांडं लटकवलेलं असायचं, त्यात तेलात भिजवलेली चिंधी. चाक कुरकुरायच्या आत आखाला वंगण घालणं हे गाडीवाल्याचं स्वतःचं काम होतं. चाक करायला सुतार होता, धाव चढवायला लोहार होता. पण आख कोरडा पडला का हे बघायला कोणी सुताराला बोलावत नव्हतं. बलुतेदारीचं मला अजिबात कौतुक नाही, तिच्यातली बांधिलकी आणि अपमान कोणी विसरू नये. पण वस्तू वापरणारा आणि वस्तू बघणारा यांच्यात तेव्हा इतकं अंतर नव्हतं. ते पडलं मोटारीमुळे.

या अंतराची किंमत दोघांनाही मोजावी लागते, आणि इथे सर्वसाधारण समजाशी माझं पटत नाही. समज असा, की मालक अडाणी राहिला म्हणजे मिस्त्रीचं फावतं. वस्तुस्थिती अशी, की मिस्त्रीचं कसबही त्यामुळेच मरतं. वेळेवर बूट बदलायचा तर एक्सल बाहेर काढावा लागतो, सांधा उघडून रॉकेलने किंवा डिझेलने धुवावा लागतो, गोट्या आणि खाचा बोटाने चाचपून पाहाव्या लागतात, मॉलिब्डेनमचं काळं ग्रीस मोजून भरावं लागतं, क्लिपा नेमक्या ताणाने आवळाव्या लागतात. काम किचकट, आणि ग्राहकाच्या नजरेत मोल काय तर 'एक रबर बदललं'. उलट अख्खा एक्सल बदलायचा तर जुना काढला, नवा घातला, बिल भरभक्कम आणि ग्राहक खूश, कारण त्याला चकचकीत नवा भाग दिसला. दोन-तीन वर्षांत गॅरेजातला पोरगा एवढंच शिकतो : काढणं आणि घालणं. सांधा उघडून तो वाचायची पाळी त्याच्यावर येतच नाही. पुण्याच्या नाना पेठेतून नाहीतर दिल्लीच्या काश्मिरी गेटहून तयार एक्सल मागवता येतो, त्यातले काही उत्तम असतात आणि काही असे, की नवा घातल्यावर वर्षभरात जुन्याची आठवण यावी. बरा कोणता आणि वाईट कोणता हे ठरवायला पुन्हा सांधा ओळखणारा माणूसच लागतो.

आता घरच्या कामाकडे येऊ, कारण 'एकदा करून बघा' असं हवेत म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. पहिली अट जागेची. येरमाळ्याच्या आसपासच्या वस्त्यांवर अंगण भरपूर, पण ते मातीचं. काळी जमीन ओली असेल तर जॅक तिच्यात बुडतो, कोरडी असेल तर भेगांमुळे दगा देते. जॅकखाली जाड फळी, मागच्या चाकांना दगडाची अटक, आणि गाडी उचलली की लगेच घोडीवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, टेकवायची. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली अंग घालणाऱ्याला धाडसी म्हणायचं नाही. विटांच्या रचलेल्या थरावर तर मुळीच टेकवू नये. वीट भार घेते घेते आणि एका क्षणात भुगा होते. घोडी नसेल तर हे काम करूच नये. ती भाड्याने, उसनी मिळाली तर आणावी, नाहीतर गॅरेजात जावं.

दुसरी गोष्ट हबच्या मधल्या मोठ्या नटाची. तो सैल करायचा गाडी जमिनीवर असतानाच, घरातल्या कोणाला तरी ब्रेकवर पाय दाबून बसवून. छोट्या गाड्यांत हा नट साधारण दीडशे ते अडीचशे न्यूटन-मीटरनी आवळलेला असतो, वर गंज. लांब दांड्याचा गोटी पाना लागतो आणि दांड्याला पाइप लावावा लागतो. नटाची कड खाचेत ठोकलेली असेल तर ती आधी छिन्नीने उचलायची, नाहीतर एक्सलचे आटे जातात. नंतर चाक काढायचं, ब्रेकचा कॅलिपर मोकळा झाला तर तो तारेने स्प्रिंगला टांगायचा, ब्रेकच्या नळीवर लोंबू द्यायचा नाही. खालच्या आर्मचा बॉल जॉइंट सोडवला, किंवा काही गाड्यांत शॉकअॅब्झॉर्बरला स्टिअरिंग नकल धरणारे दोन बोल्ट काढले, की चाकाचा हब बाजूला झुकतो आणि एक्सलचं टोक त्यातून बाहेर यायला तयार होतं. ते बहुधा अडकलेलं असतं. इथे हातोड्याची घाई नडते. थेट टोकावर घाव बसला की आटे मशरूमसारखे पसरतात. नट टोकाच्या पातळीला आणून ठेवायचा आणि मध्ये लाकडाचा ठोकळा किंवा पितळी गज धरून ठोकायचं.

आतल्या बाजूला एक्सल गिअरबॉक्समध्ये छोट्या सर्क्लिपने अडकलेला असतो. टॉमी घालून सांध्याच्या जाड भागाला रेटा द्यायचा. शाफ्ट धरून ओढायचा नाही, ओढला तर तीन रोलरांचा सांधा बुटाच्या आतच सुटतो आणि काम दुप्पट होतं. एक्सल निघाला की गिअर ऑइल वाहू लागतं. आधीच खाली परात ठेवलेली बरी, आणि ते ऑइल बांधावर किंवा विहिरीच्या कडेला ओतायचं नाही. नवा घालताना ऑइल सीलच्या ओठाला ओरखडा जाऊ नये आणि सर्क्लिप बसल्याचा 'टक्' ऐकू आला पाहिजे. ऐकू नाही आला तर बसलेली नाही. हबचा नट नवाच घ्यावा, टॉर्क पान्याने आवळावा, आणि तो आवळल्याशिवाय गाडीचं वजन चाकावर टाकून ढकलू नये. बऱ्याच गाड्यांत हबची बेअरिंग त्या नटाच्या दाबानेच एकत्र धरलेली असते, ती अशाने खराब होते. शेवटी गिअर ऑइल पातळीपर्यंत भरायचं. पहिल्यांदा करणाऱ्याची अख्खी सुट्टी जाते. सरावलेला मिस्त्री दोन तासांत उरकतो. हा फरक स्वतःच्या कमरेला कळला, की मजुरीवर घासाघीस करताना आवाज आपोआप खाली येतो.

"अहो, पण मग गरीब मिस्त्रीच्या पोटावर पाय नाही का येत?" हा प्रश्न मला सोलापूर-धाराशिवकडे नेमका त्या लोकांनी विचारला आहे जे त्याच मिस्त्रीच्या बिलातून शंभर रुपये कमी केल्याशिवाय उठत नाहीत. एकदा एक्सल बदललेला मालक दुसऱ्यांदा बहुतेक गॅरेजातच जातो. पण जाताना तो वेगळा ग्राहक असतो. 'बूट चिरलाय, ग्रीस अजून आत आहे, सांधा वाजत नाही, नुसता बूट बदला आणि त्याची मजुरी पुरी घ्या' असं तो म्हणू शकतो. कसबाला किंमत देणारा ग्राहक मिस्त्रीला असा मिळतो.

खरी अडचण अवजारांची किंवा वेळेचीही नाही. ती वाकण्याची आहे. डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली जातिव्यवस्थेबद्दल लिहिताना दाखवून दिलं, की ती केवळ कामाची विभागणी नाही, काम करणाऱ्या माणसांची विभागणी आहे, आणि वर एकाखाली एक लावलेली. ग्रीसने काळे झालेले हात त्या उतरंडीत खाली आहेत. म्हणून डिग्री घेतलेला मुलगा गाडीखाली गेला तर आई म्हणते, "काय हे, शिकून-सवरून?" आणि गॅरेजात दहा वर्षं घालवलेल्या मुलाचा हिशेब लग्नाच्या बाजारात 'गॅरेजवाला' या एका शब्दात संपतो. मग आयटीआयच्या दोन वर्षांच्या मोटर मेकॅनिक प्रशिक्षणाची तरी काय किंमत होणार?

या उतरंडीला आपल्याकडे कोणी धक्का दिल्याची उदाहरणं नाहीत असं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवण्याची पांढरपेशी नोकरी केली, आणि किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवात १८८८ साली बेळगावातल्या सायकलच्या दुकानातून झाली. १९०३ मध्ये लोखंडी नांगर निघाला, १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. या कहाणीत आपण उद्योजकतेचं कौतुक करतो, सायकलीची चाकं सोडणाऱ्या हाताचं विसरतो. गांधीजींच्या नई तालीमला १९३७ च्या वर्धा परिषदेत रूप आलं, हस्तकौशल्याभोवती सगळं शिक्षण गुंफण्याची ती कल्पना. शाळांनी तिचं कार्यानुभवाच्या तासात रूपांतर केलं आणि तो तास गणिताच्या मास्तरांनी खाल्ला. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये, मारुती ८०० आली त्याच वर्षी, पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला, करता करता शिकण्याचा. आश्रम आजही आहे. पण मारुती गावोगाव पोचली, ती उघडून पाहण्याची ही रीत पोचली नाही.

वाकण्यात कमीपणा नसतो हे येरमाळ्याला मी शिकवण्याची गरजच नाही. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत येडेश्वरी देवीची पालखी डोंगरावरून खाली आमराईकडे येते तेव्हा लाखो लोक रानात वाकून चुनखडी वेचतात. सरपंच, डॉक्टर, शहरातून आलेली सून, ऊसतोडीला जाणारा मजूर, सगळे एकाच उन्हात त्याच ढेकळांत. श्रद्धेपायी खाली बसण्याची लाज कोणाला वाटत नाही. त्याच यात्रेला येणाऱ्या गाड्यांच्या रांगेत किती जणांचे बूट चिरलेले असतील, आणि त्यातल्या किती मालकांनी निघण्यापूर्वी एकदा खाली वाकून बघितलं असेल?

परदेशातल्या मराठी घरांकडे पाहिलं की हा सगळा प्रतिष्ठेचा आणि मजुरीचा मामला आहे हे आणखी स्पष्ट होतं. पुण्यात ज्याने कधी पंक्चरही स्वतः काढलं नाही तोच गृहस्थ न्यू जर्सीत गॅरेजच्या तासाचा दर ऐकतो आणि शनिवारी सकाळी ड्राइव्हवेवर घोड्या मांडतो. तिथे सुट्या भागांच्या साखळी दुकानांत अनामत ठेवून अवजारं उसनी मिळतात, शेजारी येऊन टॉर्च धरतो. गाडी तीच, सांधा तोच, माणूसही तोच. बदलला आहे तो श्रमाचा भाव, आणि त्याबरोबर श्रमाबद्दलची घृणा.

सरकारनेही आपल्या परीने दार किलकिलं केलं आहे. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजना न देणाऱ्या १४ मोटार कंपन्यांना भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड सुनावला. जुलै २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्या वर्षअखेर पोर्टलही आलं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि मोटारी अशी चार क्षेत्रं त्यात घेतली. हे चांगलं आहे. पण हक्क वापरणाऱ्याला हबच्या नटाचा आकडा माहीत नसेल तर हक्क कागदावरच राहतो. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत म्युझिक सिस्टिमची पानंच्या पानं असतात, एक्सलचा बूट दर सर्व्हिसला तपासा एवढी ओळही सहजी सापडत नाही. ती ओळ मराठीत, टॉर्कच्या आकड्यासकट छापली तर कंपनीचं काय जातं? जातं ते अख्ख्या एक्सलच्या विक्रीतलं काहीतरी, म्हणूनच ती छापली जात नसावी, असा माझा तर्क.

आता इलेक्ट्रिक गाड्या आल्या, हे सगळं जुनं झालं, असं एक तरुण मित्र म्हणाला. इंजिन जाईल, क्लच जाईल, सायलेन्सर जाईल, त्याचं म्हणणं खरं आहे. पण २०२० साली आलेली नेक्सॉन ईव्ही पुढच्याच चाकांची आहे, आणि तिच्याही मोटारीपासून चाकापर्यंत जोर नेणारे तेच एक्सल आहेत, तोच गोट्यांचा सांधा, तोच रबरी बूट. उलट बॅटरीमुळे वजन जास्त, आणि विजेच्या मोटारीचा जोर पहिल्या क्षणापासून पुरा, म्हणजे सांध्यावरचा ताण वाढलेलाच. येडशी-छत्रपती संभाजीनगर चौपदरी रस्त्यावरून अशा गाड्या येरमाळ्यावरून रोज जाताना दिसतात. त्यांची आठ-दहा वर्षं भरतील तेव्हा त्याही दुसऱ्या हातात जातील, मग तिसऱ्या, आणि त्यातल्या काही इथल्याच वस्त्यांवर येऊन उभ्या राहतील. बॅटरीच्या हाय व्होल्टेज भगव्या तारांना घरी कोणी हात लावू नये हे बरोबरच आहे. एक्सल मात्र त्या तारांपासून दूर, चाकाच्या आड, पाना पोचेल अशा जागी असेल. येरमाळ्याच्या गॅरेजात तेव्हा कोणी तो सांधा उघडून धुणारा उरला असेल का, हे आजच्या मालकांनी बूट बदलण्याची मजुरी काय दिली यावर ठरेल.